दांड्यावरचा शेवटचा आकडा

मी एक जुना नांगर आहे. बैलांचा नव्हे, मित्रांनो. बागेत फिरणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरच्या मागे जोडतात तो. एक फाळ, माती उलटवणारं एक बाकदार पातं आणि वर जाड दांडा, एवढाच माझा पसारा. बोलायला माझ्याकडे फार वेळ उरलेला नाही, म्हणून आढेवेढे न घेता सांगतो.

वितळलेलं पोलाद साच्यात ओतलं आणि मी जन्मलो. दांड्याच्या कुशीवर साच्यातूनच चार इंग्रजी आकडे उठून आले. माझ्या शेजारच्या साच्यात माझा एक भाऊ तयार होत होता. तो जरा मोठ्या ट्रॅक्टरसाठी होता, मी लहान ट्रॅक्टरसाठी. दिसायला आम्ही अगदी एकसारखे. फरक दोनच: दांड्याचा बाक थोडा निराळा आणि शेवटचा आकडा वेगळा. त्या आकड्यांचं मला तेव्हा काडीचं कौतुक नव्हतं. आपलं सगळं मोठेपण पात्यात आहे, अशीच माझी समजूत होती.

मला एका माळ्याने विकत घेतलं. त्याची रोपवाटिका होती आणि मागे जमिनीचा एक लांबट तुकडा होता. त्याचा ट्रॅक्टर ठेंगणा, खोकत सुरू होणारा, पण कामाला वाघ. आम्ही दोघे निघालो की माती माझ्या पात्यावरून वळून बाजूला पडायची. मातीनेच घासून पातं असं लखलखायचं की माळी त्यात बघून मिशी सारखी करायचा. असे दिवस मी पाहिले आहेत, हे आज मलाच खरं वाटत नाही.

एकदा जमिनीत दडलेल्या दगडावर मी आपटलो आणि माझा दांडा वाकला. माळ्याने तो तापवला, ठोकला, एक डोळा मिटून पाहिला आणि म्हणाला, "चालेल." चाललं खरं, पण मूळचा बाक काही परत आला नाही.

माळ्याची एक शिस्त होती. काम संपलं की तो मला घासूनपुसून ग्रीस लावायचा आणि गोणपाटात गुंडाळायचा. घरातली वस्तू परक्या माणसापुढे मळकी न्यायची नाही, हा त्याचा कायदा. कुणी घमेलं उसनं मागायला आलं तरी आधी घमेलं धुतलं जायचं आणि मागणारा बिचारा दारात ताटकळायचा. त्याची मुलगी तेव्हा लहान होती. बाप ग्रीस लावत असला की ती शेजारी बसायची आणि माझ्या दांड्यावरचे आकडे बोटाने गिरवायची. मला गुदगुल्या व्हायच्या. शाळेत जाण्याआधी ती आकडे माझ्या अंगावर शिकली, मित्रांनो.

पुढे तो ट्रॅक्टर विकला गेला आणि मोठा आला. मोठ्याला मी बसत नव्हतो. त्याच्याबरोबर माझ्या भावासारखाच एक नांगर आला आणि मी शेडच्या मागच्या कोपऱ्यात गेलो. माळी होता तोवर निदान ग्रीस मिळत होतं. तो गेला आणि तेही गेलं. मोठा ट्रॅक्टरही कुणीतरी नेला. त्याच्या नांगरासकट नेला, की नांगर इथेच राहिला, हे घरात कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. माझ्यावर पत्रे पडले, तुटकी शिडी पडली, फुटक्या कुंड्या पडल्या. गंज हळूहळू चढला. एकटेपणाची सवय होते असं म्हणतात. मला झाली नाही.

परवा शेड रिकामी करायला घेतली, कारण ती पाडायची आहे. माळ्याची मुलगी आता खिडक्यांच्या जाळ्या बनवण्याचा कारखाना चालवते. तिनेच मला ओढून बाहेर काढलं. मी म्हणजे गंजाचा एक गोळा. तिच्या नवऱ्याने मला पायाने ढोसून पाहिलं.

"गाडीचं मडगार्ड दिसतंय."

"विहिरीतून बादल्या काढायचा गळ असेल," तिची आई खुर्चीतून म्हणाली.

"आई, आपल्याकडे विहीर कधी होती?" जावई म्हणाला.

मुलगी मात्र खाली बसली. तिने पात्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हा बाबांचा नांगर आहे." इतक्या वर्षांनी कुणीतरी मला माझ्या नावाने ओळखलं. मला रडता आलं असतं तर मी तिथेच रडलो असतो.

तिने माझा फोटो काढून जुन्या सुट्या भागांच्या दुकानदाराला पाठवला. दुकानदाराने एका काकांचा फोन नंबर दिला. हे काका निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी एक जुना ट्रॅक्टर दुरुस्त करून चालता केला होता, अगदी माझ्या जुन्या ठेंगण्या सोबत्याच्या जातीचा. त्याला मूळचाच नांगर हवा म्हणून ते गावोगाव शोधत होते. "उद्या सकाळीच येतो," ते म्हणाले. पुन्हा ट्रॅक्टर, पुन्हा माती! गंजाखाली माझं पोलाद गरम झालं.

आणि इथेच घात झाला. पाहुणा येणार, मग बाबांचा नांगर मळका कसा दाखवायचा? संध्याकाळी कारखान्यातलं ग्राइंडर घेऊन ती बसली. ठिणग्या उडत होत्या. तिने फाळ चमकवला, पातं चमकवलं आणि मग दांड्यावर आली. गंजाच्या थराखाली माझे आकडे झोपले होते. तिला ते दिसले नाहीत. ती मायेने घासत राहिली आणि दांडा आरशासारखा गुळगुळीत झाला.

सकाळी काका आले. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. टेप काढून त्यांनी दांड्याचा बाक मोजला आणि कपाळाला आठी पडली.

"हा ना धड लहान ट्रॅक्टरचा, ना धड मोठ्याचा. ठोकलाय कुणीतरी. काही हरकत नाही, दांड्यावर आकडे असतात. कुठे आहेत?"

तिने दांड्यावर बोट ठेवलं, तिथेच, लहानपणच्या जागी. बोट घसरून गेलं.

"काका, मी काल घासला," ती हळू आवाजात म्हणाली. "आकडे होते. मी गिरवायचे. दोन, चार, शून्य..."

"आणि शेवटचा? सात असेल तर माझा. एक असेल तर मोठ्या ट्रॅक्टरचा."

दोघांनी फोटो मोठा करून पाहिला. त्यात गंज होता आणि कोळ्याचं जाळं होतं.

"ताई, चार चुकीचे नांगर आधीच घरी पडलेत. बायको म्हणालीये, पाचवा आणलात तर त्याच्याशेजारी अंथरूण घाला. तुम्ही नक्की सांगा, मी लगेच उचलतो. तुमच्या शब्दावर नेतो."

सात म्हण, बाई. नुसतं सात म्हण. माझं सगळं पोलाद ओरडत होतं. तिने डोळे मिटले. तिचं बोट हवेत काहीतरी गिरवत होतं. उभी रेघ निघाली, वरची आडवी रेघ होती की नव्हती, ते तिला आठवेना.

"खात्री नाही काका," ती म्हणाली. "उगाच कशाला फसवू तुम्हाला?"

काकांनी मान हलवली, चहा घेतला आणि ते गेले. तिच्यावर रागवायचं तरी कसं? ती बापासारखीच निघाली, खरी आणि स्वच्छ. तिच्या या दोन्ही गुणांनी मला बुडवलं.

उद्या भंगारवाला येणार आहे. शेडच्या पत्र्यांबरोबर मलाही तो नेईल. मघाशी ती एकटी आली, तिने मला ग्रीस लावलं आणि गोणपाटात गुंडाळलं. भंगारवाल्यापुढेसुद्धा मळका नको म्हणून. मला हा सन्मान नको होता. मला माती हवी होती.

मित्रांनो, जुनी वस्तू सापडली तर तिला लगेच चमकवू नका. आधी तिच्याजवळ बसा, तिला नीट न्याहाळा, हाताने चाचपून पाहा. तिचं नाव कुठे लिहिलेलं असेल, सांगता येत नाही. माझं तर आता कुठेच उरलेलं नाही. म्हणून तुमच्याजवळ ठेवून जातो. कुणी विचारणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी लक्षात ठेवा. शेवटचा आकडा सात होता.