आपल्यातला

सत्यशोधन आयोग गावच्या चर्चमध्ये बसला होता आणि दुभाषी ब्लासिदा त्याच्या टेबलाशी होती. म्हातारी सिन्फोरियाना ग्वारानीत, गावच्या बोलीत, बोलणार; ब्लासिदाने ते आयोगाच्या साहेबांना स्पॅनिशमध्ये सांगायचं. काम रोजचंच, पण आज गाव तिचं स्वतःचं होतं. हुकूमशाहीत सैनिकांनी इथल्या घराघरांतून माणसं उचलली, फक्त तिच्या घराला कुणी हात लावला नाही. का, ते तिने बापाला कधी विचारलं नव्हतं. उत्तराचीच भीती वाटायची.

खबऱ्याला पराग्वेत 'पिराग्वे' म्हणतात, म्हणजे केसाळ पायांचा. चालला तरी त्याचं पाऊल वाजत नाही.

थोरल्या मुलाला, आगापितोला, कसं फरफटत नेलं, ते म्हातारीने शांतपणे सांगितलं. ते स्पॅनिशमध्ये सांगताना अडखळत होती ती ब्लासिदा.

"घरं कुणी दाखवली?" आयोगाच्या अध्यक्षांनी विचारलं.

म्हातारीने थेट ब्लासिदाकडे पाहिलं. "आपल्यातल्याच एकाने. नाव मी घेणार नाही, पोरी."

ग्वारानीत मराठीसारखंच 'आम्ही' निराळं आणि 'आपण' निराळं. स्पॅनिशला दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो. ब्लासिदाने तो सांगून टाकला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"म्हणजे यांच्याच घरातला," अध्यक्ष शेजारच्याला म्हणाले. "मुलगा मारहाणीत फुटला असणार. तसंच लिहा."

म्हातारीला स्पॅनिश येत नव्हतं. साहेब मुलाबद्दल काही चांगलं बोलले असं समजून तिने मान डोलावली.

गप्प बसलं की झालं, कुणाला कळणारही नव्हतं. ब्लासिदाने दाराकडे पाहिलं. बाहेर आंब्याखाली बाप उभा होता, तिला जेवायला न्यायला आलेला. केव्हा आला, तिला कळलंच नव्हतं; पाऊल वाजलं नव्हतं.

"साहेब, माझं चुकलं," ती म्हणाली. "आजी 'आमच्यातला' म्हणाल्या नाहीत. 'आपल्यातला' म्हणाल्या."

"त्यात फरक काय?"

"त्या माझ्याशी बोलत होत्या, साहेब. 'आपल्यात' मी येते. माझं घर येतं."

हे बोलताना तिने नजर टेबलावरच ठेवली. पुन्हा दाराकडे बघायची तिची हिंमत झाली नाही.