दोन्ही नळ्या गढूळ

माझ्या माहेरच्या गावात लेकरांना जुलाब लागले होते. त्यांच्या शीतून मिळालेले जंतू आमच्या लॅबच्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेले. काल सायंकाळी त्यातला बर्फाचा कण खरवडून मी एका नळीतल्या ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतूंच्या खाण्यात, सोडला. दुसऱ्या नळीत नुसताच ब्रॉथ ठेवला. तो सकाळी स्वच्छ राहायला हवा होता. पण दोन्ही नळ्या गढूळ निघाल्या. म्हणजे कुठून तरी बाहेरचे जंतू शिरले होते.

"अवो बाई, दुसरी नळी फेका," लॅबचे प्रमुख वासेकर सर म्हणाले. "पहिलीतल्या जंतूंवर कोणतं औषध चालते ते तपासा. रिपोर्ट आजच पाठवाचा आहे. कोणाले समजते?"

"अन् लेकराईले भलतंच औषध गेलं तं?"

"तुमची पोरगी हाये काय त्याच्यात?"

माझी रिंकू तिथंच आईजवळ आहे, लेकरं ज्याचं पाणी पिऊन आजारी पडली त्याच हातपंपाचं पाणी पिते. सकाळपासून मी फोन करकरून तिला पातळ शी होतेय का ते विचारत होते.

"हाये, सर. नसती तरी हेच केलं असतं."

"नोकरी कंत्राटी आहे तुमची."

मी दोन्ही नळ्या ब्लीचिंगच्या पाण्यात ओतल्या आणि पुन्हा नवा कण घ्यायला फ्रीजर उघडला.

"रिपोर्ट उद्या भेटन," मी म्हणाले. "दिव्यानीनं अडवला म्हणून माझं नाव वर सांगून द्या."