दर गुरुवारी बाहेर काढलेलं झाड

या, जरा जवळ सरका. माझा आवाज आता फार लांब जात नाही. थंडीत फुलणाऱ्या एका फुलाची गोष्ट सांगते. घडलेली आहे, आणि त्यात चुकले ती मीच.

बंगळूरच्या शिवाजीनगरात आमचं फुलांचं दुकान. पलीकडच्या गल्लीत दत्ताचं देऊळ. तिथं नरसिंहरावबुवा तीस वर्षं कीर्तन करत. निपाणीकडचे, बोलताना अर्धं कानडी, गायला लागले की शुद्ध मराठी. दत्तजयंतीच्या पूर्वरंगात त्यांचा एक दृष्टांत ठरलेला. सगळी झाडं निजलेली असतात, बर्फ पडलेला असतो आणि एक फूल तेव्हाच उमलतं, मान खाली घालून, देवाच्या पायांकडे बघत. "थंडी त्याला मारत नाही हो, जागं करते!" असं म्हणून ते चिपळ्या एकदाच वाजवत. माझ्या अंगावर काटा यायचा, दरवर्षी.

"बुवा, पाहिलंय का कधी ते फूल?" मी चिडवायची.

"तुमच्यासारखंच ऐकून आहे, शालनक्का. दुकान तुमचं, दाखवा की!"

गेल्या वर्षी त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन दत्तजयंतीनंतर ठरलं. नंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं. बुवा दुकानात येऊन बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "शेवटच्या कीर्तनाला ते फूल समोर असावं असं वाटतं. तीस वर्षं न बघता सांगतोय. लोकांना फसवल्यासारखं होतं."

मी शब्द दिला. माझ्या बहिणीचा मुलगा अभिराज होसकोट्याच्या एका रोपवाटिकेत कामाला आहे. अनंतचतुर्दशीला तो कुंडी घेऊन आला. पानं जाड, हिरवीगर्द, पंजा पसरल्यासारखी.

"हेलेबोर म्हणतात याला, मावशी. तीन वर्षांचं आहे, वयात आलंय. लहान रोपाला कितीही थंडी द्या, फुलत नाही. आता याला आठ आठवडे थंडी हवी, चार-पाच डिग्री. मग दोन-तीन आठवड्यांत कळी वर येईल."

"म्हणजे दत्तजयंतीला बरोबर! आपली बंगळूरची थंडी चालेल ना?"

"स्वल्पसुद्धा नाही चालायची. तुझ्या फुलांच्या फ्रिजमध्ये ठेव, काचेतून उजेड येतो तिथं. आणि सलग म्हणजे सलग हं. मधे ऊब लागली की सोसलेली थंडी वाया जाते."

"सरी, तसंच करते," मी म्हटलं. कुंडी गुलाबांच्या बादल्यांशेजारी ठेवली.

पहिल्याच गुरुवारी आरतीला निघताना काचेतून ते झाड दिसलं आणि मला कसंसंच झालं. ज्या झाडाचं फूल देवाला जायचं, ते एकटं कुडकुडत बसलंय. मी कुंडी उचलली, शालीत गुंडाळली, देवळात नेऊन समईशेजारी ठेवली. आरती, भजन, प्रसाद. शुक्रवारी सकाळी परत फ्रिजमध्ये.

मग दर गुरुवारी तेच. पोरासारखं वाटायला लागलं हो. आणि खोटं कशाला बोलू, बायका भोवती जमायच्या, "शालनक्कांचं बर्फातलं फूल" म्हणायच्या, ते मला आवडायचं.

एका गुरुवारी बुवांनी पानाला बोट लावलं. "इथं समईपाशी गरम होत असेल हो याला. राहू दे की त्याला त्याच्या गारव्यात."

"देवाच्या दारातल्या उबेनं कुणाचं वाईट झालंय का, बुवा?"

ते हसले. माझ्याशी वाद घालण्याइतका आवाज त्यांच्याकडे उरला नव्हता.

दत्तजयंतीला चार दिवस राहिले तरी कळी नाही. अभिराज आला, पानं बाजूला सारून बघितलं. "मावशी, बाहेर काढलं होतंस?"

"छे! मी कशाला काढू?"

बुवा तिथंच स्टुलावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग अभिराजला म्हणाले, "असू दे रे. माझीच वेळ आली नसेल."

कीर्तन झालं. समोर बिनफुलाची कुंडी होती. दृष्टांत आला तेव्हा आवाज फाटला, तरी ते वाक्य त्यांनी पुरं केलं, आणि चिपळ्या वाजवल्या. एकदाच. मी खांबाआड उभी होते. पुढं जाऊन पायांवर डोकं ठेवावं आणि सांगून टाकावं असं फार वाटलं. गर्दी होती, उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात भरती झाले. ऑपरेशननंतर न्यूमोनिया झाला, आणि पौषात गेले.

कुंडी फ्रिजमध्ये मागं सरकवून दिली. गुरुवारी देवळात जावंसं वाटेना. झाडाकडे बघवेना. पाणी तेवढं दुकानातली बाई घालायची.

महाशिवरात्रीला पहाटे बेल काढायला बादली ओढली, आणि मागं पांढरं काही दिसलं. एक देठ वर आला होता. त्यावर फूल, कडेला हिरवट झाक, मान खाली. खालून बघायला मला फरशीवर गुडघे टेकावे लागले. बुवा सांगायचे तस्सं होतं. तस्संच.

तिथंच बसून अभिराजला फोन लावला. "मीच काढत होते रे. दर गुरुवारी."

तो म्हणाला, "मला ठाऊक होतं, मावशी. कुंडीच्या कडेला समईचं तेल होतं."

म्हणजे ठाऊक सगळ्यांना होतं. सांगितलं नव्हतं ते मीच, आणि ज्यांना सांगायचं ते राहिले नाहीत.

तुम्ही एवढं करा. कुठं थंड मुलखात गेलात आणि मान खाली घातलेलं असं फूल दिसलं, तर वाकून बघा, आणि आमच्या नरसिंहरावबुवांची आठवण काढा. न बघता सांगत होते, पण खरं सांगत होते.