त्याला परत येऊ द्या

हणमंतरावांनी तुरीच्या पिशव्या टेम्पोत भरायला घेतल्या, त्या दिवशी त्यांच्या लेकीच्या, वर्षाराणीच्या डोक्यात पहिल्यांदा आग पेटली.

शिरूर अनंतपाळजवळ त्यांचा एक वावराचा तुकडा होता. त्या मातीत मर रोग इतका मुरलेला की कुठलीही तूर ऐन फुलात उभी वाळायची. हणमंतराव मुद्दाम तिथंच तूर पेरत. त्यातून जे झाड जगेल त्याचं बी वेगळ्या पिशवीत ठेवत आणि पुढच्या साली परत तिथंच लावत. वर्षाराणी शेतीचं शिक्षण घेऊन आली, तिनं याचाच बियाण्याचा छोटा धंदा उभा केला आणि वडिलांच्या सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवल्या. पिशवीवर फक्त एक आकडा. कुठलं झाड, त्याची आई कुठली, किती सालं तगलं, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये.

मग एका सकाळी कॉम्प्युटर लावला तर पडद्यावर लाल अक्षरं. तुमच्या फाइलींना कुलूप लावलंय, सोडवायच्या असतील तर पैसे भरा.

तिनं लातूरच्या राजशेखरला फोन लावला. कॉम्प्युटरचं मशीन त्याच्याच दुकानातलं, दुरुस्तीही तोच बघायचा. बऱ्याचदा दुकानात बसूनच, इंटरनेटवरून. तो धावत आला. बॅकअपची हार्डडिस्क बघितली, तर तिलाही कुलूप. ती कायम मशीनला जोडून ठेवा, असं त्यानंच सांगितलेलं.

"ताई, असले लोक परदेशातून करायलेत," तो म्हणाला. "पोलिसात जाऊ नका, चावी मिळायची न्हाई. मी मध्ये पडतो. इतक्या दिवसांचा घरोबा हाय आपला."

त्यांनी पैसे भरले. चावी आली. बिलं उघडली, गिऱ्हाइकांचे नंबर उघडले. वावराच्या नोंदी मात्र उघडल्या त्या नुसत्या चौकोनांनी भरलेल्या. राजशेखर हळहळला, चहा पिऊन गेला.

हणमंतराव बरेच दिवस पिशव्यांपुढं बसून राहिले. एकेक उघडत, दाणे तळहातावर घेत, आठवायला बघत. शेवटी त्यांनी टेम्पो बोलावला.

"अण्णा, काय करायलात?"

"कुठला आकडा कुठल्या झाडाचा, कोण सांगणार? आता हे बियाणं न्हाई, पोरी. डाळ हाय नुसती. मिलला घालतो."

आयुष्यभराचं निवडलेलं बी उदगीरच्या मिलवर भरडायला चाललं. वर्षाराणी टेम्पोत पुढं बसून गेली. मिलचे मालक मलप्पा वडिलांच्या ओळखीचे. काय झालं ते ऐकून त्यांनी मान हलवली.

"आमच्याबी कॉम्प्युटरला असंच झालतं की. राजशेखरनं सोडवलं. देवमाणूस बघा! पोलिसात जाऊ नका म्हणला, चावी मिळायची न्हाई, मी मध्ये पडतो..."

वर्षाराणीच्या हातातला चहा तसाच राहिला. तेच शब्द, त्याच क्रमानं. पलीकडं जात्यात त्यांची तूर पडत होती, त्याचा खडखडाट भिंतीतून येत होता. कुलूप घालणारा तोच आणि चावी विकणाराही तोच. आणि त्याला आपण आपल्या हातानं चहा दिला.

लातूरच्या सायबर पोलीस ठाण्यातल्या बाईंनी तक्रार नीट ऐकून घेतली. पण म्हणाल्या, "दोघांना एकच वाक्य बोलला, एवढ्यावर कसं धरू त्याला? काहीतरी हाताला लागू द्या."

तिच्या शाळेच्या वर्गातली ऋतुजा नांदेडला कॉम्प्युटरचं काम करायची. छोट्या दुकानदारांचा, दवाखान्यांचा बॅकअप सांभाळायची. वर्षाराणी तिच्याकडं गेली.

"तुझं मशीन रोज आपोआप आमच्याकडं कॉपी पाठवत राहील," ऋतुजानं सांगितलं. "जुन्या कॉप्याबी राहतात. आज फाइल खराब झाली तर कालची घ्यायची. आणि ठरलेली मुदत संपेपर्यंत ती कॉपी कुणालाच पुसता येत न्हाई. तुलाबी न्हाई, मलाबी न्हाई. परत आणून बघायची चाचणी आम्ही अधूनमधून करतो. आता पहिलं काम म्हणजे त्या माणसाचा तुझ्या मशीनमध्ये शिरायचा रस्ता बंद करू."

"नको."

"काय?"

"तो उघडा राहू दे. त्याला परत येऊ दे."

"येडी झालीस का? दार उघडं टाकून कुणी चोर धरतं का?"

"माझं जे जायचं ते गेलंय, ऋतुजा. अण्णा आता वावराकडं बघतबी न्हाईत. मला तो पाहिजे."

ऋतुजा त्या दिवशी तयार झाली नाही. वर्षाराणी पोलीसबाईंना फोनवर घेऊन परत आली, तेव्हा कुठं ती नमली, तेही आपल्या अटीवर. रोजचं काम नव्या मशीनवर करायचं. जुनं मशीन वेगळ्या कनेक्शनवर, त्यात नोंदींची नुसती नक्कल, आणि कोण कुठून शिरलं याची खबर तिच्याकडं. बॅकअप दोन्हीचा.

वर्षाराणीनं चाकूर, निलंग्याच्या शेतकऱ्यांकडून आपलंच जुनं बी थोडंथोडं परत मागून आणलं आणि मर रोगाच्या त्याच वावरात पेरलं. हणमंतराव आले नाहीत. झाडं वाळत गेली, काही उभी राहिली. उभ्या राहिलेल्यांच्या नोंदी ती भरत होती, आणि भरताना दरवेळी तिला राजशेखरचा चहा पितानाचा चेहरा आठवायचा. तो राग तिनं विझू दिला नाही.

बी निघालं तसं तिनं शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर फोटो टाकला. खाली लिहिलं, नवीन वाण तयार, सगळ्या नोंदी पूर्ण, आता नोंदणीला पाठवणार. त्या गटात राजशेखर होता. त्यानं शाबासकीच्या अंगठ्याचं चिन्ह टाकलं.

आठवडा गेला नसेल, जुन्या मशीनवर लाल अक्षरं आली. ऋतुजाचा लगेच फोन. "आला गं. आणि फाइलींवर थांबला न्हाई. जुन्या मशीनमधला पासवर्ड उचलून आमच्याकडचा बॅकअप पुसायला बघितलं त्यानं. तीनदा. पुसला गेला न्हाई. कुठल्या कनेक्शनवरून आला ते बाईंना पाठवलंय."

वर्षाराणीनं राजशेखरला फोन केला. आवाजात रडू आणायला तिला कष्ट पडले नाहीत. "भाऊ, परत तसंच झालं. या की."

तो आला तेव्हा घरात मलप्पा बसले होते. साध्या साडीत एक बाई होत्या. मावशी आहेत, असं वर्षाराणीनं सांगितलं. राजशेखरनं मशीन बघितल्यासारखं केलं.

"लई वंगाळ झालं, ताई. मी मध्ये पडतो, पण यावेळी ते जास्त मागतील."

"दुसरा काही इलाज न्हाई का?"

"कुठला इलाज? ह्यावेळी तर क्लाउडवरचा बॅकअपबी गेला असंल तुमचा."

वर्षाराणीनं हळू विचारलं, "क्लाउडवर बॅकअप हाय, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मशीनवर दिसलं की."

"ते नुसतं मशीन बघून दिसतच न्हाई, भाऊ. दिसतं ते पासवर्ड घालून आत शिरणाऱ्याला."

तिनं नवं मशीन त्याच्यापुढं सरकवलं. नोंदी उघडल्या. ओळ, झाड, आई, सगळं जागच्या जागी. "बघा. एक अक्षर गेलं न्हाई. तीनदा पुसायला बघितलंत ना? बघा नीट."

राजशेखर उठला. मलप्पा दारात जाऊन उभे राहिले. "बस की," ते म्हणाले. "देवमाणसा."

मावशींनी पर्समधून पोलिसाचं ओळखपत्र काढलं. बाहेर त्यांची माणसं होतीच.

जाताना तो वर्षाराणीच्या पाया पडायला वाकला. "ताई, लेकरंबाळं हायत मला. जुन्या फाइलींची खरी चावी देतो."

"हाय तुमच्याकडं?"

बाईंनी दरडावल्यावर त्यानं कबूल केलं. चावी नव्हती. त्या फाइलींना त्यानं कुलूपच नीट लावलं नव्हतं, त्या तेव्हाच नासल्या होत्या. पैसे आल्यावर पुढचं बघायची गरज त्याला वाटली नव्हती.

"न्या ह्याला," ती म्हणाली.

पुढं त्याची बायको आली, ओटी पसरून बसली, तक्रार मागं घ्या म्हणाली. वर्षाराणीनं तिला जेवू घातलं आणि नाही म्हणून सांगितलं. हणमंतरावांना ते बरं वाटलं नाही. पण त्याच संध्याकाळी ते बऱ्याच दिवसांनी मर रोगाच्या वावरात गेले आणि नव्या झाडांच्या ओळीत वाकून खोडं तपासत राहिले.

राजशेखरच्या खटल्याची तारीख असली की वर्षाराणी लातूरला कोर्टात जाते. तिला बोलावलेलं नसतं. त्याला आणतात तेव्हा ती अशी बसते की त्याला दिसावं.

"सुटला तर सुटंल, न्हाई तर न्हाई," परवा हणमंतराव म्हणाले. "पाऊस तोंडावर हाय. पेरणीचं बघ."

"तुम्ही व्हा पुढं, अण्णा," तिनं चप्पल घातली. "मी तारीख करून येते."