नुसतं लोटलंय

“कडी नाही गं, नुसतं लोटलंय.”

हा आवाज टाचण्यांमधून यायचा. ओठांत टाचण्यांची ओळ धरलेली, पाय शिलाई मशीनच्या पायडलवर, हात कापडावर. उठून दार उघडायला त्या बाईला सवड नसे. म्हणून ती दाराला कडी लावतच नसे. गिऱ्हाईक असो, दूधवाला असो, शाळेतून आलेली स्वतःची मुलं असोत, बाहेर पाऊल वाजलं की तोंडाच्या एका कोपऱ्यातून तेवढंच वाक्य निघे आणि मशीनची लय काही तुटत नसे.

दार वाजवायला उचललेला, त्या बाईच्या धाकटीचा हात तसाच राहिला. दार आता काचेचं होतं. आईला जाऊनही बरीच वर्षं झाली होती. तिनं बोटांच्या टोकांनी काच ढकलली. वर कुठेतरी घंटी किणकिणली आणि भरतकामाच्या मशीनचा आवाज एकदम अंगावर आला.

“आली कुलूपबाई,” दादा मान वर न करता म्हणाला. समोरच्या पडद्यात त्याला दार दिसत असावं. “चपला तिकडे काढ. आणि दोरे पायात येतील, सांभाळ.”

खोली तीच होती. आईच्या मशीनच्या जागी आता माणसाच्या खांद्याला लागेल एवढं, अनेक सुयांचं मशीन उभं होतं. भिंतीला रिळांच्या रांगा होत्या, हिरव्यातच इतके हिरवे की नावं संपावीत. फ्रेममध्ये ताणून बसवलेल्या पांढऱ्या कापडावर सुई एक पान भरत होती. एका इस्पितळाचे कोट होते. प्रत्येकाच्या खिशावर एक पान. वहिनी खिडकीपाशी बसून, भरून झालेल्या पानांवरचे सुटे दोरे बारक्या कात्रीनं कापत होती.

“ताई, आज कामाच्या दिवशी कशा तुम्ही?”

“सहज.”

“सहज आलेलं माणूस पर्स मांडीवर घेऊन बसत नाही,” वहिनी म्हणाली आणि पाणी आणायला उठली.

धाकटीनं पर्स खाली ठेवली. थोड्या वेळानं ती पुन्हा तिच्या मांडीवर आली.

ती ज्या कंपनीत होती तिथं भरतकामाचं सॉफ्टवेअर तयार होई. चित्र दिलं की त्याचे टाके करून देणारं. कुठून सुई घालायची, कुठं वळायचं, कुठं दोरा तोडायचा, सगळं मशीनला सांगणारं. पूर्वी ते एकदा विकत घेतलं की कायमचं आपलं होई. मग सबस्क्रिप्शन आलं. वर्गणी भरायची, आणि सॉफ्टवेअर दर महिन्याला गुपचूप कंपनीच्या सर्व्हरला विचारणार, ह्यांची वर्गणी आली का? आली असली तर उघडणार. हे विचारण्याची व्यवस्था, म्हणजे कुलूप, धाकटीचं काम.

दादानं वर्गणी कधीच भरली नव्हती. त्याच्या संगणकावर सॉफ्टवेअर उघडताना, जिथं पैसे भरणाऱ्याचं नाव दिसायचं, तिथं त्यानं लिहिलेली एक छोटी पाटी येई. कडी नाही. नुसतं लोटलंय.

ती पाटी धाकटीनं पहिल्यांदा पाहिली ती ऑफिसात. बाजारात हातोहात फिरणारी एक कॉपी कुणीतरी आणून दिली होती. साहेबांनी ते शब्द मोठ्यानं वाचले.

“टोमणा मारतोय हा आपल्याला. तुमचं कुलूप कसलं, म्हणतो, लोटलेलं दार नुसतं.”

टेबलाभोवतीची माणसं तिच्याकडे बघून हसली. तीही हसली. फक्त हात तिनं टेबलाखाली घेतले. ते वाक्य कुठल्या घरातलं आहे, कुणाच्या ओठांतून निसटून आलेलं आहे, हे त्या खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होतं. ती काही बोलली नाही.

आणखीही एक गोष्ट ती बोलली नव्हती. ऑफिसात नाही आणि दादाजवळही नाही. ते कुलूप कुणी फोडलेलंच नव्हतं. कुलूप करताना तिनं एक ओळ घातली होती. सर्व्हरकडून उत्तर आलं नाही, तर काम अडवू नये. ऑफिसात तिनं कारण सांगितलं की नेट जातं, गिऱ्हाइकांचा खोळंबा होतो. ते खरंही होतं. पण विचारणाच बाहेर जाऊ दिली नाही तर उत्तर कधीच येणार नाही आणि काम कधीच अडणार नाही, हे शांतपणे बसणाऱ्या कुणालाही सापडलं असतं. दादा तसा बसायचा. लहानपणी रेडिओ असो, गजराचं घड्याळ असो, तो आधी ते पालथं घालायचा आणि खालच्या स्क्रूपासून सुरुवात करायचा. धाकटीनं ती ओळ सगळ्यात खाली ठेवली होती. पुढच्या आवृत्तीतही खाली. त्याच्या पुढच्याही.

आईची नजर गेली तेव्हा दोघांपैकी एकाला मशीनवर बसणं भाग होतं. दादा बसला. मला आवडतं गं, असं म्हणाला होता. कॉलेजची त्याची पट्टी आणि कंपास नंतर कापड आखायला उपयोगी पडली.

आता बाजारात त्याला उस्ताद म्हणत. कुणाचं काही अडलं की दादाकडे येत, कुलूपवाल्या बहिणीचं कुलूप उघडणारा दादा. ऑफिसात धाकटीची कुलपं कच्ची ठरली. दोनदा तिला बढती देताना साहेबांचा हात आखडला. तिनं मनाशी हा हिशेब कधीच मिटवून टाकला होता. एकाची फजिती, दुसऱ्याची शान, आणि दोन्ही एकाच घरात राहतात.

फक्त या वेळची आवृत्ती निराळी होती. तिनं लिहिलेलं आता आणखी दोन माणसं वाचत. ती खालची ओळ त्यांच्या नजरेला पडली आणि काढली गेली. शिवाय नव्या कुलपाला एक सवय लावली होती. कुणी उचकटायला बसलं की ते चकार शब्द न काढता त्याचं नाव, पत्ता कंपनीला कळवणार होतं, आणि तिथून पुढे वकील. ही सवयही धाकटीच्याच हातची. पहिली खबर तिच्याच टेबलावर येणार होती.

“इस्पितळवाल्यांची पुढची फाइल नव्या आवृत्तीतली आहे,” दादा सांगत होता. “आपल्या जुन्यात उघडेना. म्हणून नवं उतरवून ठेवलंय. ही फ्रेम झाली की बसतो.”

“वर्गणी भरून टाक ना दादा. आता परवडतं तुला.”

“परवडायचं काय आहे त्यात. भाड्याची सुई आईनं कधी वापरली होती का?”

“समोरचे भरतात की,” वहिनी पाणी ठेवत म्हणाली. “नवीन घेतलंय त्यांनी, एकदम ऐटीत. परवा नेट गेलं तर सगळं ठप्प. वर्गणी भरलेला माणूस, आणि आमच्याकडे येऊन आमच्या चोरीच्या मालावर काम करून गेला. ह्यांनी वर खुर्चीसुद्धा दिली.”

“गरीब बिचारा,” दादा म्हणाला. “दर महिन्याला दार वाजवतो, तरी बाहेरच उभा.”

धाकटीला हसू आलं. तिच्याच कामावरचा विनोद होता, आणि बिनचूक होता. पैसे देणाऱ्यालाच कुलूप आडवं येतं, ही गोष्ट ऑफिसात तिनं किती तऱ्हांनी सांगून पाहिली होती.

वहिनीनं दोरे काढलेल्या कोटांचं गाठोडं बांधलं. इस्त्रीवाल्याकडे टाकून येते म्हणाली, आणि दारातून वळून, “ताई, पर्स आता सोडा हो, कुणी नेत नाही,” असंही म्हणाली. घंटी किणकिणली. खोलीत मशीन आणि ती दोघं उरली.

दादा फ्रेमवर हात ठेवून कापडाची थरथर बघत होता. बघता बघता गुणगुणू लागला. आईच्या ओठांत टाचण्या नसल्या की ती म्हणायची, ते.

दाराला नाही कडी,
वारा येई घडोघडी,
शिवल्या कापडाची घडी
मोडेना गं.

“दादा, ते नवं उघडू नकोस.”

“बरं.”

“खरंच सांगतेय.”

“कुलूप करणारी दुसरं काय सांगणार? उघड रे दादा, असं म्हणालीस तर मीच घाबरेन.” त्यानं खुर्ची संगणकाकडे ओढली. “तुझं कुलूप मला हाताला कळतं. डोळे मिटून उघडेन. बस, तुझ्यासमोरच उघडतो.”

पडद्यावर नव्या आवृत्तीचं चिन्ह होतं, बाकीच्यांपेक्षा जरा चकचकीत. दादानं बाणाचं टोक तिकडे नेलं. त्याच्या हाताला कसली घाई नव्हती. घरच्या दाराकडे जाताना नसते, तशी.

धाकटीनं त्याचं मनगट धरलं.

त्याच वेळी मशीननं बीप केलं आणि थांबलं. दोरा तुटला होता. एवढा वेळ तो आवाज खोलीभर होता हे तो थांबल्यावर कळलं. दादानं तिच्या हाताकडे पाहिलं, मग हळूच मनगट सोडवून घेतलं आणि मशीनकडे गेला. रिळावरचं टोक शोधून त्यानं ते ओढलं.

“या वेळी लावलीय,” धाकटी त्याच्या पाठीला म्हणाली.

“काय?”

“कडी. या वेळी लावलीय. तू हात लावलास की तुझं नाव, दुकानाचा पत्ता, सगळं तिकडे जाईल. पहिल्यांदा माझ्याकडेच येईल. पुढे वकील. ते थांबवणं माझ्या हातात नाही.”

दादानं दोरा एका कडीतून काढला, मग दुसऱ्या.

“या वेळी म्हणजे?”

अजून वळता आलं असतं. दर वेळेपेक्षा भक्कम आहे, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. तो कदाचित ऐकता, कदाचित न ऐकता. उस्ताद मात्र राहिला असता. शब्द तिच्या ओठांत टाचण्यांसारखे ओळीनं उभे होते. इतकी वर्षं ते धरून ती बोलत आली होती, हसत आली होती, तोंडाच्या कोपऱ्यातून.

तिनं ते एकेक काढले.

“आधी कधी लावलीच नव्हती, दादा. एकदाही नाही. तू काही फोडलं नाहीस. मीच लोटून ठेवत होते.”

दादानं दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं. सुईच्या नेढ्याजवळ नेलं, ते चुकलं. त्यानं पुन्हा ओलं केलं, दोन बोटांत चपटं केलं आणि या वेळी ते आत गेलं. सरावानं त्यानं जादा दोरा कापला आणि कात्री जागेवर ठेवली. त्याची पाठ तिच्याकडेच होती.

“मग त्या पाटीवर मी दुसरं काय लिहिलं होतं?”

धाकटी पडद्याकडे बघत राहिली. जुनी आवृत्ती मागे उघडीच होती. ऑफिसातल्या त्या टेबलाभोवती इतकी माणसं हसली होती, तिच्यासकट, आणि त्यांतल्या एकालाही ते वाक्य आहे तसं वाचता आलं नव्हतं.

दादा परत आला. त्यानं नव्या आवृत्तीचं चिन्ह उचललं, कचऱ्यात टाकलं, आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

“बोलून दाखवलं असतं,” तो म्हणाला, “तर तुला लावावी लागली असती.”