चारशे सतरा नंबरचा तुकडा

“आजपासून मानवजात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या दास्यातून मुक्त झाली आहे!” असं संचालकांनी जाहीर केलं, तेव्हा सभागृहात मानवजातीचे एकतीस प्रतिनिधी हजर होते. त्यांतले नऊ जण संस्थेचे कर्मचारी असल्यामुळे सक्तीने मुक्त झाले होते. बाकीचे चहा कुठल्या दाराने येतो तिकडे डोळे लावून बसले होते.

दास्य होतं ते असं. जिथे जिथे काही नेटाने फिरतं, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आत एक जबरदस्त चुंबक असतो आणि त्यात निओडिमियम नावाचं मूलद्रव्य असतं. ते खणणारे थोडे, विकणारे त्याहून थोडे, आणि भाव ठरवणारे एका टेबलाभोवती मावतील एवढेच. म्हणून संस्थेतल्या संशोधक भट्टीबाईंनी अकरा वर्षं नुसतं लोखंड आणि नायट्रोजन यांच्यापासून चुंबक करण्याचा खटाटोप चालवला होता. लोखंड कुठेही मिळतं, नायट्रोजन तर हवेतच असतो. अडचण एवढीच, की जरा जास्त तापलं की या दोघांचा संसार मोडतो. नायट्रोजन उठून चालू लागतो.

बाईंचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. त्यांचा चारशे नऊ नंबरचा तुकडा बाजारातल्या चांगल्या चुंबकाच्या चौथाई ताकदीचा होता. दोन वर्षांपूर्वी ती ताकद आठवा हिस्सा होती, म्हणून बाई खुशीत होत्या. असल्या गोष्टीवर खूश होणारी माणसं फार नसतात, आणि जी असतात त्यांना बढती मिळत नाही.

मग चारशे सतरा आला. मोजणी यंत्रावर त्याचा आलेख असा उसळला की पडद्याबाहेर गेला. बाई “पुन्हा करून बघू या” म्हणेपर्यंत संचालकांनी सभागृह घेऊन टाकलं होतं.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा करून बघितलं. तेच लोखंड, तीच भट्टी. ताकद चौथाई. तेव्हा त्या पूड दळणाऱ्या चक्कीदादांकडे गेल्या.

“दादा, चारशे सतराची पूड कुठल्या भांड्यात दळलीत?”

“शेजारच्यांच्या. आपल्या भांड्याला चीर गेली होती ना. नव्या भांड्याला तीन सह्या लागतात, त्यांतल्या दोन रजेवर.”

शेजारच्या खोलीत भंगारातल्या मोटारींचे चुंबक दळत असत. निओडिमियमचे.

“धुतलं होतंत?”

“तीनदा! स्पिरिटने! आत तोंड दिसत होतं, बाई.”

“आणि तळ?”

“तळ जरा जाड होता. मला वाटलं, त्यांची भांडी भारीतली असणार.”

पोलादी भांड्याच्या तळाला चुंबकाची पूड थर धरून बसली होती. ती काय पीठ आहे, पाण्याबरोबर निघून जायला? बाईंच्या लोखंडाबरोबर तीही खरवडून दळली गेली होती.

बाई तडक संचालकांच्या खोलीत गेल्या. “सर, चारशे सतरामध्ये निओडिमियम आहे.”

“किती?”

“बाजारातल्या चुंबकात असतं त्याच्या निम्मं.”

“म्हणजे निम्मं नाहीये. याला प्रगती म्हणतात, बाई.”

“सर, तो चुंबक शेजाऱ्यांचा आहे!”

“सोमवारी समिती येतेय. तुम्ही फक्त बोलू नका. पाच वर्षांची मंजुरी मिळू दे, मग करत बसा तुमचा चारशे नऊ, हवा तेवढा.”

हे खरं होतं, आणि तीच पंचाईत होती. गप्प बसलं तर चारशे नऊ जगणार होता. तोंड उघडलं तर भट्टी विझणार होती.

घरी सासूबाई शेंगा सोलत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “अगं, खोटं बोल असं मी म्हणते का? पण खरं इतक्या मोठ्याने कशाला बोलायचं?”

“आणि कुणी विचारलंच तर, आई?”

“खोकायचं.”

“तिला जमायचं नाही ते,” नवरा म्हणाला. “मुलगा कसा वाटला, असं हिच्या मामांनी माझ्यासमोर विचारलं होतं. तेव्हाही खोकली नाही. ‘चालेल’ म्हणाली.”

सोमवारी समितीच्या अध्यक्षांनी तुकडा हातात घेऊन विचारलं, “यात दुर्मीळ असं काहीच नाही?” संचालकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंना खोकला आला नाही. त्यांनी भांड्यापासून तळापर्यंत सगळं सांगितलं, आणि मग चारशे नऊ पुढे ठेवला.

समितीने उभं राहून टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांचे डोळे भरून आले. इतका प्रामाणिकपणा पस्तीस वर्षांत पाहिला नाही, म्हणाले. मग रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि अकरा मिनिटांत प्रकल्प बंद केला. वर्षाला एक मिनिट पडलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. चारशे सतरा शेजारच्या खोलीकडे गेला. भंगारापासून निम्म्याच निओडिमियमवर इतका दमदार चुंबक तोवर कुणी केला नव्हता, त्यामुळे त्यांचा सत्कार झाला आणि त्यांना बाईंची भट्टी मिळाली. संचालक भांडी-स्वच्छता समितीचे प्रमुख झाले. चक्कीदादांना खुलासा मागणारं पत्र गेलं. त्यावर तीन सह्या होत्या, तिन्ही एकाच दिवसातल्या.

बाईंना ग्रंथालयावरची एक खोली मिळाली. काम मिळालं नाही. चारशे नऊ कुणी मागितलाच नव्हता, तो त्यांनी टेबलाच्या खणात ठेवला.

चौथ्या दिवशी स्वतः संचालक जिने चढून आले. जरा धापा टाकत खुर्चीवर टेकले.

“बाई, तो तुमचा चारशे नऊ आहे ना अजून?”

“आहे की, सर!” बाई उठून उभ्याच राहिल्या.

“साधारण किती वजन धरतो?”

बाईंनी सांगितलं. ऐकण्यात चूक नको, म्हणून आकडा पुन्हा नीट सांगितला.

“वा. आणि गंजत नाही?”

“लेप दिलाय, सर. दीड वर्षात डागसुद्धा नाही.”

“मग द्या ना जरा. माझ्या केबिनमधल्या कपाटाचं दार सारखं उघडतंय.”