कान आणि कानस

मित्रांनो, काटा म्हटलं की तुम्ही आधी पाय वर घ्याल. घेऊ नका. मी पायात मोडणारा नव्हे, घड्याळातला नव्हे आणि वजनाचाही नव्हे. मी एक जुना नादकाटा आहे. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत माझा एखादा भाऊबंद असेल. वर दोन बोटं आणि खाली एक दांडी, एवढंच आमचं शरीर. कशावर तरी आपटलं की मी थरथरतो आणि एकच सूर काढतो. मार खाल्ल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

जन्मापासून हीच तऱ्हा. मला भट्टीत लाल केलं, ऐरणीवर बडवलं, पाण्यात बुडवलं आणि मग कानशीने घासलं. कानस म्हणजे लोखंड सोलणारी खरखरीत पट्टी. कुणी तुमच्या अंगावरून ती फिरवली तर तुम्ही गल्ली डोक्यावर घ्याल. मी मात्र सूर धरला. कारागिराने मला कानाशी नेलं, 'हं' म्हणाला आणि डब्यात टाकलं.

तिथून मी आलो एका समूहगान मंडळात. बर्फाच्या कारखान्याच्या वर एक लांबट हॉल होता. खालून गारवा यायचा, त्यामुळे मंडळी गळ्याला मफलर गुंडाळून गायची. पोस्टमन, नर्स, शिंपी, शाळेतल्या बाई, सगळे दिवसभराचं काम उरकून यायचे. वाद्य एकही नव्हतं. मास्तर मला आपटायचे आणि माझा सूर उचलून अख्खं मंडळ गाऊ लागायचं. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

मास्तर म्हणजे आमचे गानप्रमुख. दिवसा ते कारखान्यात लेथ चालवायचे आणि संध्याकाळी माणसं. कुणाचा सूर जरा हलला की ते चौथऱ्यावरून उतरायचे, त्या माणसाच्या कोपराच्या हाडावर मला हाणायचे आणि माझी थरथरती दांडी त्याच्या कानामागच्या हाडावर दाबून धरायचे. सूर हाडातून थेट डोक्यात शिरायचा. याला मंडळात 'काटा मिळणं' म्हणत. गंमत अशी की कुणी तक्रार करत नसे. नव्या माणसाला पहिला काटा मिळाला की बाकीचे पेढे मागावेत तसे त्याच्या मागे लागत. मंडळाने ढाली जिंकल्या होत्या आणि त्या मारामुळेच मिळाल्या, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. काळीनिळी कोपरं एकमेकांना दाखवून ते हसायचे.

हसत नव्हत्या फक्त ताई. ताई म्हणजे मास्तरांची थोरली मुलगी. बायकांचा भाग त्या बसवून घ्यायच्या. घरची म्हणून सर्वांत जास्त काटे त्यांनाच मिळायचे. त्यांना एकच हवं होतं. कुणाचं काही कायमचं मोडायच्या आत मी त्यांच्या बाबांच्या हातून सुटायला हवा होतो. त्यांनी मागून पाहिलं, रुसून पाहिलं, एकदा मला लपवूनही पाहिलं. त्या दिवशी मास्तरांनी घरातली भांडी भिंतीवर फोडली. शेवटी ताईंनीच मला काढून दिलं.

मग मास्तरांचं वय झालं आणि त्यांना सगळं मंडळ चढं ऐकू येऊ लागलं. सूर जागेवर असायचा, पण मास्तर ओरडायचे, "चढताय! कुठं निघालात, माळ्यावर?" नर्सबाईंच्या कोपरातून रक्त आलं. शिंप्याला आठवडाभर कात्री धरता येईना. मंडळी बिचारी आपलाच गळा बिघडला म्हणून गरम पाणी पीत होती. मी तर रोज तोच सूर देत होतो. एके दिवशी मास्तरांना मीही चढा वाटलो.

त्यांनी मला कामावर नेलं, शिकंज्यात आवळलं आणि दोन बोटांच्या बेचक्यात कानस फिरवली. बेचक्यात घासलं की माझ्या जातीचा सूर उतरतो. पुन्हा तो लोखंडाचा भुसा, पुन्हा ती कळ. थांबून आपटायचे, ऐकायचे आणि पुन्हा घासायचे. कानाला कानस लावता येत नाही, म्हणून ती माझ्या नशिबी आली. मला फार राग आला होता.

त्या संध्याकाळी मास्तरांनी माझा उतरलेला सूर दिला. मंडळी गोंधळली, पण घेतला. एक माणूस मात्र जुन्याच सुरावर उभा राहिला. तो बेकरीवाला. आवाज खर्जातला आणि दणदणीत, म्हणून सगळे त्याला भोंग्या म्हणत. इतक्या वर्षांत तो सूर त्याच्या हाडात मुरला होता. मास्तर उतरून त्याच्यासमोर आले.

"चढलास," मास्तर म्हणाले.

"मी होतो तिथंच आहे मास्तर. काटा खाली गेलाय."

मास्तरांनी कोपर शोधलं नाही. त्यांनी मला मुठीत उलटं धरलं आणि सगळ्या ताकदीने भोंग्याच्या डाव्या कानावर हाणलं. माझी दांडी आत गेली. काहीतरी पातळ फाटल्याचं मला जाणवलं आणि मी रक्ताने गरम झालो. भोंग्या गुडघ्यांवर बसला. एवढा मोठा आवाज असलेला तो माणूस कुत्र्याच्या पिल्लासारखा कण्हत होता.

मग इतक्या वर्षांची ती सगळी कोपरं एकदम उसळली. पोस्टमनने स्टूल उचललं. नर्सबाईंनी पाण्याचा जग मास्तरांच्या तोंडावर फोडला. शिंपी छातीवर बसून ठोसे घालत होता आणि प्रत्येक ठोशाला म्हणत होता, "लागला का सूर? लागला का?" माराशिवाय सूर लागत नाही हे त्यांना मास्तरांनीच शिकवलं होतं, आणि शिष्य कच्चे नव्हते. मास्तरांचा उजवा हात मोडला त्याचा आवाज मी जमिनीवरून ऐकला. ताई वडिलांवर आडव्या पडल्या. पुढचं स्टूल त्यांच्या पाठीत बसलं, तेव्हा कुठे मंडळी थांबली. आणि मास्तर? त्यांनी डाव्या हाताने चाचपून मला पुन्हा मुठीत घेतलं.

मंडळाने ताईंना प्रमुख केलं. अट एकच, मास्तरांनी हॉलची पायरी चढायची नाही. ताईंनी नवा काटा आणला. तो टेबलाच्या कडेवर वाजवतात. मी मास्तरांबरोबर घरी बसलो. त्यांचा हात प्लास्टरमध्ये आणि तोंडाचा पट्टा सुरू. शेजारची दारावरची घंटा चढली आहे, आगगाडीची शिट्टी चढली आहे, सगळं गाव बेसूर झालं आहे. जवळून कुणी शिट्टी वाजवत गेलं की मास्तर मला उगारून दाराकडे धावत.

एका दुपारी कारखान्याचा भोंगा झाला. "हासुद्धा चढला," मास्तर म्हणाले.

ताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या थांबल्या. माणसाचा गळा चढेल, पण पत्र्याचा भोंगा कसा चढेल? त्यांनी नवा काटा आणून वाजवला. मास्तर म्हणाले, चढा आहे. मग ताई म्हणाल्या, आता तुमचा वाजवा. मास्तरांनी मला प्लास्टरवर आपटलं.

"हा बरोबर."

"बाबा, हा तुम्ही घासलाय. बेचक्यात कानशीचे ओरखडे आहेत." ताईंनी ते बोटाने दाखवले. "काटा नाही चढला, कुणीच नाही चढलं. तुमचा कान उतरलाय."

मास्तरांनी अंगठ्याने माझं बेचकं चाचपलं.

"म्हणजे भोंग्या बरोबर गात होता?"

"हो. सगळेच."

मास्तरांनी मला उलटं धरलं आणि स्वतःच्या कानावर उगारलं. ताईंनी मध्ये हात घातला. घाव त्यांच्या मनगटावर बसला, पण त्यांनी मूठ सोडली नाही. बाप-लेकीची तशी झटापट मी पाहिली नव्हती. खुर्ची उलटली, दोघं भिंतीवर आदळली. शेवटी मास्तरांची बोटं आपोआप सैल झाली आणि ताईंनी मला पदरात बांधून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्या वडिलांना बेकरीत घेऊन गेल्या. भोंग्या कणीक मळत होता. मास्तर त्याच्या बाजूला उभे राहिले आणि खाली मान घालून म्हणाले की माझं चुकलं, तू बरोबर होतास. भोंग्या मळत राहिला. मास्तर वळले आणि दाराकडे चालू लागले.

ताईंनी त्यांचा दंड धरला. "तो डावा कान आहे, बाबा. तुम्ही फोडलेला. इकडून बोला."

त्यांना परातीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जावं लागलं आणि तेच सगळं पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्या वेळी ते त्यांना फार जड गेलं. भोंग्याने हात पुसले.

"ऐकलं, मास्तर," तो म्हणाला. 'माफ केलं' असं काही तो म्हणाला नाही.

मित्रांनो, सगळं जग बेसूर वाटू लागलं तर हात खिशात ठेवा आणि आधी आपला कान तपासून घ्या. मी बिघडलो तेव्हा ताईंना दुकानात दुसरा काटा मिळाला. भोंग्याला डावा कान कुठल्याच दुकानात मिळाला नाही.